सेल्फ मुका झाला तर: मल्टिमीटर की टेस्ट लॅम्प?

मोटारसायकलचा सेल्फ लागेनासा झाला की वायरिंगमध्ये नेमकं कुठे अडलंय ते शोधायला दोन साधी अवजारं आहेत, व्होल्टेज आकड्यात दाखवणारा मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरी आणि क्लिप जोडलेला साधा बल्ब. मी दोन्ही वापरतो. एकच घ्यायचं झालं तर कुठलं, याचं उत्तर थोडं गाडीवर आणि बरंचसं बिघाडाच्या जातीवर अवलंबून आहे.

बॅटरीपुरता वाद घालण्यात अर्थ नाही, तिथे मीटरच. थांबलेल्या गाडीत भरलेली बॅटरी 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते, पण माझा विश्वास बटण दाबलेलं असतानाच्या आकड्यावर. सेल्फ फिरताना तो 9.5 च्या खाली कोसळत असेल, तर एरवी कितीही गोड आकडा दिसो, बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. तरीही कोसळला तर बहुतेक तिचे दिवस भरलेत. इंजिन चालू करून जरा रेस दिल्यावर 13.5 ते 14.5 दिसले की चार्जिंगची शंका मिटते. बल्बला यातलं काही सांगता येत नाही. 12.6 आणि 11.8 मधला उजेडाचा फरक माझ्या डोळ्यांना तरी कळत नाही, आणि भर उन्हात तर बल्ब लागलाय की नाही हेच हाताचा आडोसा करून बघावं लागतं.

रिले (बटण दाबलं की बॅटरीचा मोठा करंट सेल्फच्या मोटारीला जोडणारा स्विच) टकटकटक वाजत राहिला तर बॅटरी किंवा तिची टर्मिनल्स बघा. एकच ठसठशीत टक आणि पुढे शांतता, तर रिलेचे आतले पॉइंट, जाड केबल किंवा मोटार. इथेही मीटर चांगला: एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं मोटारीच्या बोल्टवर, आणि बटण दाबा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधे कुठेतरी जोड खराब आहे. (मीटर अँपिअरवर ठेवून मात्र सेल्फ मारू नका. साध्या मीटरची झेप 10 अँपिअरची, सेल्फ त्याच्या कितीतरी पट ओढतो.)

आता बटण दाबल्यावर टक सुद्धा नाही, हा प्रकार. फ्यूज, इग्निशन स्विच, किल स्विच, बटण, क्लच स्विच, न्यूट्रल, साइड स्टँड, अशी बारीक वायरींची साखळी. माझ्या बाबतीत त्रास बहुतेक इथलाच असतो आणि मीटरने मला वैताग आणलाय तोही इथेच. कनेक्टर सोडवून टोक लावलं की मीटर ऐटीत 12.5 दाखवतो. पुढचा कनेक्टर, तिथेही 12.5. सगळं ठीक, फक्त गाडी सुरू होत नाही! कारण साधं आहे. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण 10 मेगाओहम, म्हणजे तो वायरीतून करंट जवळजवळ घेतच नाही. वायरीचा एकच धागा शिल्लक असला किंवा कनेक्टरची पिन हिरवी पडली असली तरी त्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं. रिकामी बैलगाडी पुलावरून नेऊन पूल भक्कम असल्याचं सांगावं, तसलं हे निदान.

मीटरवाले म्हणतील, कनेक्टर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने टोक घाला आणि लोड असताना, म्हणजे करंट वाहत असताना मोजा. बरोबर आहे त्यांचं. पण दोन हात दोन टोकांना, एक क्लचला, एक बटणाला, आणि डोळे स्क्रीनवर. तेवढ्यात टोक निसटतंच.

टेस्ट लॅम्पची क्लिप एकदा अडकवली की एक हात मोकळा, आणि बल्ब स्वतःच लोड असतो. 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कुजलेल्या जोडापलीकडे तो मिणमिणतो किंवा लागतच नाही. शिवाय क्लिप बॅटरीच्या प्लसला लावली की तोच दिवा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी बाजू तपासतो. बऱ्याच गाड्यांत न्यूट्रल आणि क्लचचे स्विच रिलेच्या अर्थच्या बाजूला असतात, तिथे ही उलटी क्लिप फार कामाची. एलईडीचा टेस्टर मात्र घेऊ नका. तो मीटरसारखाच नगण्य करंट घेतो, म्हणजे तोच चकवा पुन्हा.

एक अडचण मान्य करायला हवी. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूकडे (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) जाणाऱ्या सेन्सरच्या वायरींना हा बल्ब लावायचा नाही, एवढा करंट तिथे झेपत नाही. वायरिंगचा नकाशा हाताशी नसेल आणि कुठली वायर कुठे जाते याची खात्री नसेल, तर अशा गाडीला मीटरच बरा. कार्ब्युरेटरच्या गाडीत ही भीती बरीच कमी. माझा मीटर घरी चार्जरशेजारी असतो. सीटखालच्या पिशवीत जुन्या इंडिकेटरचा होल्डर, दोन वायरी आणि एक क्लिप.