हरवलेल्या फोनसाठी ‘संचार साथी’: हर्णैहून एक अभिप्राय

हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाच्या गर्दीत धाकट्या भावाचा मोबाईल गेला, तेव्हा दूरसंचार विभागाची ‘संचार साथी’ ही मोफत सेवा आम्ही वापरली आणि ती मला मनापासून विश्वासार्ह वाटली. पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) देऊन अर्ज केला की तो फोन, सिम बदलले तरीही, देशातील कोणत्याही मोबाईल कंपनीच्या नेटवर्कवर चालू शकत नाही. पुढे तो सापडल्यास हा प्रतिबंध उठवताही येतो. आयएमईआय क्रमांक *#०६# दाबल्यावर दिसतो, खरेदीच्या खोक्यावरही असतो, म्हणून तो आजच वहीत उतरवून ठेवावा. अर्जासाठी लागणाऱ्या ओटीपीसाठी हरवलेल्याच मोबाईल नंबरचे नवे सिम आधी घेणे सोयीचे पडते.

मात्र या सेवेने फोनमधील छायाचित्रे वा बँकेची माहिती पुसली जात नाही. त्यासाठी गुगल खात्यातून दुरून फोन पुसण्याची सोय वापरावी लागते, आणि तीही फोन इंटरनेटला जोडलेला असेल तरच लागू पडते. त्यामुळे भक्कम स्क्रीन लॉक आणि सिमचा पिन यांना पर्याय नाही. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हेही ‘संचार साथी’वर पाहता येते, आणि अनोळखी क्रमांक आढळल्यास तिथूनच कळवता येते.