फॉसबी ५जी४ अँटिबॉडी : डेल्टा-फॉसबी मोजायला कितपत भरवशाची?

उंदराला आठवडाभर रोज कोकेन दिलं की मेंदूच्या न्यूक्लिअस अक्यूम्बन्स या भागात डेल्टा-फॉसबी हे प्रथिन साठत जातं. फॉस कुळातली बाकीची प्रथिनं काही तासांत ओसरतात. डेल्टा-फॉसबीची मेंदूतली अर्धायु सुमारे ८ दिवस आहे, त्यामुळे औषध थांबवल्यावरही ते काही आठवडे दिसत राहतं. एरिक नेस्लर यांच्या गटाने १९९९ मध्ये असे उंदीर वापरले ज्यांच्या या भागातल्या डी१ पेशींत (डोपामिनचा डी१ हा ग्राहक असलेल्या पेशींत) हे प्रथिन मुद्दाम वाढवता येतं. ते कोकेनला जास्त संवेदनशील निघाले. पुढे २००३ मध्ये असेच उंदीर एका डोससाठी कळ जास्त वेळा दाबतात हेही दिसलं. म्हणूनच उत्तेजक औषधांच्या व्यसनावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला हे प्रथिन कधी ना कधी मोजावं लागतंच, आणि प्रश्न येतो तो अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारा रेणू) कोणती घ्यायची हा.

पूर्वी बहुतेक जण सांता क्रूझ कंपनीची एससी-४८ ही पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) वापरायचे. आता सेल सिग्नलिंग टेक्नॉलॉजीची ५जी४ ही सशाची मोनोक्लोनल (एकाच प्रकारची अँटिबॉडी), कॅटलॉग क्रमांक २२५१, सर्रास दिसते. मोनोक्लोनल असल्यामुळे एका लॉटकडून दुसऱ्या लॉटकडे जाताना सगळं नव्याने जुळवत बसावं लागत नाही. पॉलिक्लोनलमध्ये दर नव्या बाटलीला ही धास्ती असते. शिवाय ती सशाची आहे. माउसच्या ऊतीवर माउसची अँटिबॉडी लावली तर दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला चिकटून तिची जागा दाखवणारी) ऊतीतल्याच इम्युनोग्लोब्युलिनला चिकटते आणि पार्श्वभूमी काळवंडते. इथे ती कटकट नाही.

खरेदीआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी : ही अँटिबॉडी फॉसबी आणि डेल्टा-फॉसबी दोन्ही ओळखते. हा दोष धरता येणार नाही, कारण दोन्ही प्रथिनं एकाच जनुकातून येतात. आरएनएच्या चौथ्या एक्झॉनमधले (एका तुकड्यातले) १४० न्यूक्लिओटाइड कापले गेले की वाचनाची चौकट सरकते आणि लगेच थांबा लागतो. ३३८ अमिनो आम्लांच्या फॉसबीऐवजी २३७ चं डेल्टा-फॉसबी तयार होतं. शेपटीकडची १०१ गेली, बाकी सगळं तेच. म्हणजे फॉसबीत नाही असा एकही तुकडा डेल्टा-फॉसबीजवळ नाही, वेगळं आहे ते फक्त कापलेलं टोक. गेलेल्या शेपटीत प्रथिन लवकर मोडायला लावणारे भाग होते, त्यामुळे हे टिकतं. सेरीन-२७ वर फॉस्फेट बसल्याने आणखी टिकतं. तेव्हा या अँटिबॉडीने दाखवलेलं डेल्टा-फॉसबीच आहे हे तुम्ही सिद्ध करायचं असतं, आणि त्याची साधनं दोन : जेलवरचं वजन आणि ऊती काढण्याची वेळ.

चुका सर्वाधिक वेळेच्या बाबतीत होतात. नेहमीचा क्रम असा : कोकेन २० मिलिग्रॅम प्रतिकिलो, पोटाच्या पोकळीत, ७ दिवस रोज ठरलेल्या वेळी, शेवटच्या इंजेक्शननंतर १८ ते २४ तासांनी मेंदू काढायचा. तोवर पूर्ण लांबीचं फॉसबी ओसरलेलं असतं आणि उरतो तो साठा डेल्टा-फॉसबीचा. दोन तासांनीच मेंदू काढला तर फॉसबीही जोरात असतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या प्रत्येक काळ्या केंद्रकाला डेल्टा-फॉसबी म्हणणं सरळ चूक ठरतं. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे काप अँटिबॉडीने रंगवण्याच्या पद्धतीत, वजन दिसत नाही, म्हणून तिथे वेळ हाच एकमेव आधार.

वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून, पडद्यावर घेऊन अँटिबॉडीने ओळखण्यासाठी) मेंदूचे १ मिलिमीटर जाडीचे काप घ्यावेत, न्यूक्लिअस अक्यूम्बन्समधून १४ गेजच्या सुईने दोन्ही बाजूंचे पंच (छोटे गोल तुकडे) काढावेत आणि लगेच कोरड्या बर्फावर गोठवावेत. एका माउसच्या दोन पंचांत कित्येक लेनपुरतं प्रथिन मिळतं. प्राणी एकत्र मिसळायची गरज पडत नाही. लायसिस करताना, म्हणजे पेशी फोडताना, हयगय नको. हे प्रथिन डीएनएला बांधलेलं असतं आणि सौम्य बफर वापरलं तर त्यातलं बरंचसं गाळात जातं. १ टक्का एसडीएस (तीव्र डिटर्जंट), प्रोटीएज आणि फॉस्फेटेज रोधक, थोडं सोनिकेशन, मग ९५ अंशांवर ५ मिनिटं. प्रत्येक लेनमध्ये २० ते ३० मायक्रोग्रॅम. जेल १२ टक्क्यांचं घ्यावं आणि २५ किलोडाल्टनची खूण तळाजवळ पोहोचेपर्यंत चालवावं. घाईने लवकर थांबवलं तर पट्ट्या एकमेकींत मिसळतात.

पीव्हीडीएफ पडद्यावर ब्लॉकिंग (रिकाम्या जागा झाकणं) ५ टक्के दुधात, प्राथमिक अँटिबॉडी १:१००० प्रमाणात ५ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) घातलेल्या टीबीएसटी बफरमध्ये, रात्रभर ४ अंशांवर. पूर्ण फॉसबीची पट्टी ४५ ते ५० किलोडाल्टनच्या आसपास येते. डेल्टा-फॉसबी पहिल्या डोसनंतर ३३ च्या जवळ दिसतं, आणि दीर्घकाळ औषध दिल्यावर साठतात ती बदललेली रूपं ३५ ते ३७ मध्ये. कधी त्याखाली, २४ च्या सुमारास, फिकट पट्टी दिसते. ते सुरुवातीची ७८ अमिनो आम्लं नसलेलं रूप असू शकतं, लगेच ‘प्रथिन मोडलं’ असं समजू नये.

इथेच एक खड्डा आहे. लोडिंग कंट्रोल (सर्व लेनमध्ये सारखंच प्रथिन घातलंय ना हे दाखवणारं) म्हणून हात सवयीने जीएपीडीएच या प्रथिनाकडे जातो. तेही ३७ किलोडाल्टनलाच येतं! त्याच पडद्यावर पुन्हा सशाची जीएपीडीएच अँटिबॉडी लावली, तर दिसणारी पट्टी कोणाची हे सांगता येत नाही. ट्यूब्युलिन फॉसबीच्या अंगावर येतं. अ‍ॅक्टिन दोहोंच्या मध्ये बसतं, पण जागा फारच चिंचोळी. त्यापेक्षा हस्तांतरणानंतर पडद्यावरचं एकूण प्रथिन रंगवून त्याचं छायाचित्र घेणं कधीही चांगलं. पडदा धुऊन पुन्हा वापरण्याच्या भानगडीत पडू नये. या मंद पट्ट्या त्यात आधी जातात.

मेंदूच्या कापांवर काम करताना ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने परफ्यूजन आणि त्यानंतर त्याच द्रावणात २४ तास, जास्त नाही. आठवडाभर विसरून राहिलेल्या मेंदूत एपिटोप (अँटिबॉडी चिकटते तो भाग) झाकला जातो आणि दोष अँटिबॉडीवर येतो. ३५ ते ४० मायक्रॉनचे तरंगते काप, ०.३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ टक्के शेळीचं सीरम आणि ०.३ टक्के ट्रायटन, मग १:५०० ते १:१००० पासून आपलं प्रमाण ठरवावं. रंग केंद्रकातच दिसला पाहिजे. पेशीभर पसरलेला तपकिरी रंग म्हणजे एकतर प्रमाण दाट झालंय किंवा पेरॉक्साइडची पायरी नीट झालेली नाही. मोजताना अक्यूम्बन्सचा गाभा आणि कवच वेगळे मोजावेत. अँटिरिअर कॉमिशरला (मेंदूच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्याला) खूण धरावी, म्हणजे सगळ्या प्राण्यांत एकाच पातळीचे काप येतात.

कंट्रोलवर काटकसर करू नये. फॉसबी जनुक काढलेल्या माउसची ऊती मिळाली तर सर्वांत उत्तम. धन कंट्रोलसाठी (पट्टी नक्की दिसायला हवी अशा नमुन्यासाठी) मात्र प्राणी खर्ची घालायचं कारण नाही : एनआयएच ३टी३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या माउसच्या पेशी २४ तास ०.५ टक्के सीरमवर उपाशी ठेवून २० टक्के सीरम दिलं की काही तासांत दोन्ही पट्ट्या मिळतात. अँटिबॉडीचं प्रमाण, एक्सपोजरचा वेळ, जेलची टक्केवारी हे सगळं या पेशींवर बसवावं आणि मगच पंच काढलेल्या नळीला हात लावावा. त्या नळीमागे एक जीव गेलेला असतो, तो चाचपडण्यात वाया जाऊ नये.

सलाइन गटातही पट्टी दिसली तर अँटिबॉडीला दोष देण्याआधी प्राणिगृहात जाऊन बघावं. वारंवार होणाऱ्या ताणाने डेल्टा-फॉसबी वाढतं, पिंजऱ्यातल्या चाकावर आठवडेच्या आठवडे पळण्यानेही वाढतं. म्हणून प्रयोगाआधी काही दिवस सर्व प्राण्यांना हातात घ्यायची आणि सलाइन टोचण्याची सवय करावी, आणि चाक द्यायचं तर सर्वांना, नाहीतर कोणालाच नाही.

बाटली १०० मायक्रोलिटरची. १० मिलिलिटरला १० मायक्रोलिटर या हिशेबाने दहा ब्लॉट होतात. पट्ट्यांच्या मापाचा लहान डबा घेऊन ५ मिलिलिटरमध्ये भागवलं तर वीस. ५० टक्के ग्लिसरॉल असल्याने ती उणे २० अंशांवर गोठत नाही, त्यामुळे छोटे भाग करून ठेवायची गरज नाही. ठेवूही नयेत, थोडं द्रावण नळीच्या भिंतीलाच चिकटून जातं. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये ठेवू नये. पातळ केलेली अँटिबॉडी अझाइड घालून पुन्हा वापरता येते, पण अझाइड एचआरपीला (दुय्यम अँटिबॉडीवरच्या, पट्टी दाखवणाऱ्या एन्झाइमला) मारतं, तेव्हा दुय्यम अँटिबॉडी लावण्याआधी पडदा तीनदा नीट धुवावा. भारतात मागवताना आणखी एक पथ्य : बाटली आधी आणि परवानगी नंतर असं करू नये. कोकेनसाठी १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखालची परवानगी आणि प्राण्यांसाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्यावरच ऑर्डर द्यावी.

वेस्टर्न ब्लॉट करणाऱ्यांनी ही निःशंक घ्यावी. दोन्ही रूपं एकाच पडद्यावर शेजारी दिसतात, त्यांचं प्रमाण काढता येतं, आणि एक डोस व सात डोस यांतला फरक डोळ्यांनी कळतो. फक्त काप रंगवायचे असतील आणि तेही शेवटच्या डोसनंतर काही तासांतच, तर ही एकटी पुरणार नाही. अशा वेळी शेपटीकडचा भाग ओळखणारी, म्हणजे केवळ पूर्ण फॉसबी दाखवणारी दुसरी अँटिबॉडी लगतच्या कापावर लावावी, किंवा डेल्टा-फॉसबीचं कापलेलं टोकच ओळखणारी घ्यावी. तीही आधी जनुक काढलेल्या माउसच्या ऊतीवर तपासूनच.