कॅसेटवरून पेनड्राइव्हवर घेणारं यंत्र : गाण्यांना नको, भाषणाला चालेल

पाचपैकी तीन तारे देतेय, आणि तेही माझी कॅसेट भाषणाची होती म्हणून. गाण्यांसाठी घेतलं असतं तर एकावर भागवलं असतं.

वॉकमनपेक्षा थोडा मोठा काळा प्लास्टिकचा डबा, वर झाकण, बाजूला पेनड्राइव्ह खोचायची जागा. कॅसेट वाजत असतानाच एमपी३ थेट पेनड्राइव्हवर उतरतं, लॅपटॉप लागत नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई चालत नाही. ऑनलाइन अठराशेच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव डब्यावर शोधूनही सापडत नाही.

कॅसेट होती प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांच्या व्याख्यानाची. आमच्या गावच्या गणेशोत्सवात ते विवेकानंदांवर बोलले, तेव्हा मी नववीत होते. त्यांचं नाव फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाशी जोडलेलं. पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आम्हा पोरींना शाळेनं रांगेत नेऊन पुढच्या सतरंजीवर बसवलं होतं आणि बाईंनी निघतानाच तंबी दिली होती, चुळबूळ केलीत तर बघा. तंबी वाया गेली. समोर कागदाचा चिटोरा नाही, हातवारे नाहीत, टेबलावर मूठ आपटणं नाही. सुरुवात इतकी सावकाश की मागून 'आवाज, आवाज' सुरू झालं. त्यांनी आवाज चढवला नाहीच, मागचेच गप्प झाले.

दादांनी, म्हणजे वडिलांनी, घरचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला, काखोटीला मारून नेला होता. कोरी कॅसेट मिळाली नव्हती, म्हणून एका भजनाच्या कॅसेटच्या खाचांवर चिकटपट्टी लावून तिच्यावरच टेप केलं. (आई त्यावरून पुढे कितीतरी वर्षं बोलत होती.)

आता यंत्राची मुख्य खोड. गाणं संपलं की पुढच्या गाण्याची वेगळी फाइल करायची सोय यात आहे आणि ती आधीपासून चालूच असते. दोन-तीन सेकंद शांतता झाली की यंत्र समजतं, गाणं संपलं. भोसले सर तर थांबायचेच. 11 सप्टेंबर 1893, शिकागोची सर्वधर्म परिषद, नाव पुकारलं गेलं तरी 'आत्ता नको' म्हणत दिवसभर मागे मागे राहिलेले स्वामीजी अखेर दुपारी उशिरा उठतात, समोर हजारो माणसं, आणि सर तिथं थांबले. सतरंजीवर आम्ही श्वास धरून बसलो होतो. यंत्रानं तिथं फाइल बंद केली! 'बंधू आणि भगिनींनो' पुढच्या फाइलमध्ये, तेही 'बं' खाऊन. पेनड्राइव्ह उघडला तर एका व्याख्यानाच्या तीसेक चिंध्या. ही सोय बंद करायचं बटण आहे, पण ते बारीक अक्षरांच्या इंग्रजी पत्रकाच्या शेवटच्या पानावर सांगितलंय. भाषण, कीर्तन, प्रवचन घेणाऱ्यांनी आधी ते बटण शोधावं.

बंद करून पुन्हा घेतलं तेव्हा ते थांबणं पूर्ण ऐकू आलं. जुन्या टू-इन-वनमध्ये आवाजाची पातळी आपोआप वर-खाली व्हायची. त्यामुळे वक्ता थांबला की हळूहळू सभाच ऐकू येऊ लागते: पंख्याची करकर, कुठंतरी सायकलची घंटी, एक रडणारं पोर. त्यात एक खोकला माईकच्या अगदी जवळचा आहे. आई लगेच म्हणाली, 'हे तुझे दादा. डॉक्टरकडं जा म्हटलं तर गेले का तेव्हा?'

आवाजाचं म्हणाल तर बरा आहे. मोटर डुगडुगते. सुरुवातीच्या स्वागतगीतातली पेटी होडीत बसून वाजवल्यासारखी लागते. बोलण्यात मात्र ते फारसं कळत नाही. मोबाइलच्या चार्जरवर चालवलं तर मागे घुंईं असा आवाज येतो, सेलवर येत नाही. खरखर काढायला मी ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं, पण जपून. जास्त साफ करायला गेलं की शब्दांची शेवटची अक्षरं विरघळतात आणि खोकलाही जातो. मी निम्मी खरखर तशीच ठेवली.

कॅसेट घालण्यापूर्वी पेन्सिलीनं रिळं थोडी फिरवून मोकळी करा आणि फितीखालचा इवलासा स्पंज जागेवर आहे ना ते पाहा. माझ्या कॅसेटचा निसटला होता. घरातल्या दुसऱ्या एका कॅसेटचा काढून चिकटवला.

लतादीदींच्या गाण्यांच्या पेटीभर कॅसेट असतील तर याच्या नादी लागू नका, नीट डेक, म्हणजे चांगलं कॅसेट वाजवायचं यंत्र, असलेला जाणकार गाठा. घरात एखादं व्याख्यान, आजोबांचा आवाज, शाळेच्या संमेलनाचं टेपिंग पडून असेल तर बिनधास्त घ्या. सेल सोबत येत नाहीत, पेन्सिलचे दोन लागतात. पेनड्राइव्हही आपलाच.