पार्कसाठी घडवलेला स्केटबोर्ड आणि कोल्हापूरचे डांबर

शहरातल्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानातून भाचीसाठी घेतलेला स्केटबोर्ड आता पुरेसा वापरून झाला आहे, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यास हरकत नाही. फळी उत्तम आहे, ट्रक (म्हणजे फळीखालचे, चाके ज्यावर बसतात ते धातूचे भाग) समाधानकारक आहेत आणि चाके आमच्या गल्लीसाठी साफ चुकीची आहेत. परंतु हा दोष कारखानदाराच्या माथी मारता येत नाही, कारण ज्या जागेसाठी हा बोर्ड घडवला गेला ती जागाच आमच्या भागात नाही. ती जागा म्हणजे स्केट पार्क, अर्थात बोर्ड चालवण्यासाठी बांधलेले गुळगुळीत चढ-उतारांचे मैदान, आणि त्याची कहाणी समजून घेतल्याशिवाय या वस्तूला न्याय देता येणार नाही.

आधी वस्तूविषयी. फळी मेपल लाकडाच्या सात थरांची, आठ इंच रुंद आणि दोन्ही टोकांना वर वळलेली आहे. पाय घसरू नये म्हणून वर लावलेला खरखरीत ग्रिप टेप कोठेही सुटलेला नाही. ट्रक ॲल्युमिनियमच्या ओतकामाचे आहेत. स्वस्त बोर्डांना प्लास्टिकचे ट्रक आणि पीव्हीसीची चाके असतात, ते घेऊ नयेत. बेअरिंग ६०८ या प्रमाणित मापाची, म्हणजे आतून ८ आणि बाहेरून २२ मिलिमीटरची आहेत, आणि हे माप उद्यमनगर या आमच्या औद्योगिक भागात सहज मिळते. (इतके ओतकाम करणाऱ्या आपल्या शहरात स्केटबोर्डचे ट्रक मात्र बाहेरून यावेत, ही गंमतच आहे.) चाकांचा व्यास ५२ मिलिमीटर आणि कठीणपणा ९९ए आहे (या मापात आकडा जितका मोठा, तितके चाक कठीण). घोडे अडते ते येथेच.

हा खेळ सुरू झाला तेव्हा चाके पोलादाची किंवा भाजलेल्या मातीसारख्या ठिसूळ मिश्रणाची असत. रस्त्यावरचा एखादा खडा आडवा आला तरी चाक जागीच थांबे आणि चालवणारा पुढे फेकला जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकी तरुणाने पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली. ती रस्ता धरून चालत आणि बारीक खडी पचवत, त्यामुळे खेळाचे स्वरूपच पालटले. पुढे १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातील घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि मुले त्यांच्या गोलाकार भिंतींवर बोर्ड चढवू लागली. त्याच काळात तिकीट लावून चालणारे काँक्रीटचे पार्क उभे राहू लागले आणि त्यांतील खोलगट वाट्यांनी या तलावांचाच आकार उचलला. हा बहर फार टिकला नाही. अपघातांची जबाबदारी आणि विम्याचा वाढता खर्च मालकांना पेलेना, त्यामुळे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक पार्क बंद पडले किंवा पाडले गेले. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे १९७७ मध्ये सुरू झालेला कोना हा पार्क मात्र या पडझडीतून वाचला.

मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे पर्व. १९९० मध्ये ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे बर्नसाइड पुलाच्या पूर्व टोकाखाली खेळाडूंनी कोणाचीही परवानगी न घेता स्वतः काँक्रीट कालवून चढ-उतार बांधायला सुरुवात केली आणि शहराने नंतर त्यांना मान्यता दिली. तालमीतल्या हौद्याची माती जसे मल्ल स्वतःच उकरतात आणि ताक-हळद घालून कसतात, तसे तेथे जो खेळतो तोच जागा राखतो. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलून सार्वजनिक पार्कांतील दुखापतींबाबत स्थानिक संस्थांवरचा दायित्वाचा भार हलका केला आणि नगरपालिकांनाही पार्क बांधण्याचे धैर्य आले. आपल्याकडे मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात उलरिके राइनहार्ट या जर्मन महिलेच्या पुढाकाराने २०१५ मध्ये असा पार्क उभा राहिला. शाळेत न जाणाऱ्याला बोर्ड मिळणार नाही आणि मुलींना पहिला मान, असे तेथील दोन नियम आहेत. माझ्या मते बोर्डाच्या गुणवत्तेपेक्षा हे दोन नियम खेळ रुजण्यास अधिक उपयोगी आहेत.

दरम्यान १९९० च्या दशकात उड्या आणि फळी हवेत फिरवण्याच्या कसरतींना महत्त्व आले, तशी चाके लहान आणि कठीण होत गेली. गुळगुळीत काँक्रीटवर ती वेगाने धावतात आणि हवी तेव्हा आडवी घसरतात. दुकानातून तयार जोडून मिळणारा बोर्ड याच घडणीचा असतो. तो आमच्या गल्लीतल्या खडी उघड्या पडलेल्या डांबरावर आणला की पायांना मुंग्या येतात, आवाजाने शेजारी बाहेर येतात आणि एखाद्या खड्यावर चाक अडून मातीच्या चाकांचा जमाना परत येतो. भाचीचे हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड यांचा खर्च तेथे पुरेपूर वसूल झाला. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी गर्दी असते, तेव्हा तेथे शिकण्याचा विचारही करू नये. सोसायटीच्या वाहनतळाची घोटीव फरशी मात्र या चाकांना मानवते.

उपाय सोपा आहे. ५६ ते ६० मिलिमीटर व्यासाची, ७८ए च्या आसपासची मऊ चाके मागवावीत आणि फळी व ट्रक यांच्यामध्ये साधारण तीन मिलिमीटरची रायझर पट्टी बसवावी. नाहीतर वळताना मोठे चाक फळीला घासून एकदम थांबते. हा बदल केल्यावर तोच बोर्ड ओळखू येऊ नये इतका शांत धावू लागला. पावसाळ्यात मात्र तो घरातच ठेवावा, कारण ओलीने लाकडाचे थर सुटतात आणि बेअरिंग गंजतात.

दुकानाची सेवा चांगली होती. मालकांनी बोर्ड खोलून दाखवला, ट्रकचे नट भाचीच्या वजनाप्रमाणे सैल करून दिले आणि “साहेब, हेल्मेट नसेल तर बोर्ड नेऊ नका” असे स्पष्ट सांगितले. मऊ चाके मात्र त्यांच्याकडे नव्हती, ती बाहेरून मागवावी लागली. फळी आणि ट्रक घेऊन चाके स्वतंत्रपणे निवडण्याची सोय त्यांनी ठेवली, तर हा बोर्ड मी कोणालाही निःसंकोच सुचवेन. तोवर चाकांचा वेगळा खर्च धरूनच किमतीचा हिशेब करावा.