घरच्या इन्व्हर्टरला २एन३०५५ लावावा की आयआरएफ३२०५?

१२ व्होल्टच्या बॅटरीवर ३०० वॉटचा इन्व्हर्टर बांधायचा, तर बॅटरीतून साधारण ३० अँपिअर ओढले जातात. हा सगळा करंट आलटूनपालटून दोन बाजूंच्या ट्रान्झिस्टरांतून जातो (शीर्षकातले दोन्ही नंबर ट्रान्झिस्टरांचेच), म्हणून निवड इथेच नीट करा.

२एन३०५५ जुन्या मेकॅनिकांच्या सवयीचा. धातूच्या टोपीतला, दणकट, कागदावर १५ अँपिअरचा. पण ४ अँपिअरलाच त्याच्यावर १.१ व्होल्टपर्यंत वाया जातात. एका बाजूला आठ लावले तरी ३३ वॉट नुसती उष्णता, शिवाय बेसला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायाला, एकूण तीन अँपिअर द्यावे लागतात ते वेगळेच. त्यात जो तापतो तोच जास्त करंट घेतो, म्हणून प्रत्येकाच्या एमिटरला (करंट बाहेर पडतो त्या पायाला) ०.१ ओहमचा रेझिस्टर हवाच.

आयआरएफ३२०५ हा मॉसफेट, म्हणजे गेट नावाच्या पायावरच्या व्होल्टेजने चालू होणारा ट्रान्झिस्टर; चालू असताना त्याचा रोध ८ मिलीओहम. एका बाजूला दोन लावले आणि तापल्यावर वाढणारा रोध धरला, तरी उष्णता सहा वॉटच्या आसपास. इथे तापलेला मॉसफेट करंट जोडीदाराकडे ढकलतो. गेट चालवायला सीडी४०४७ ही दोन्ही बाजूंना आलटूनपालटून इशारा देणारी छोटी चिप पुरते. फक्त प्रत्येक गेटला वेगळा १० ओहम द्या. आयआरएफझेड४४एन हा दुसरा मॉसफेट १७.५ मिलीओहमचा, उष्णता दुप्पट. २४ व्होल्टच्या बॅटरीला मात्र हे दोन्ही नकोत: बंद बाजूवर बॅटरीच्या दुप्पट व्होल्टेज येते आणि यांची मर्यादा ५५. तिथे १०० व्होल्टचा आयआरएफ५४०एन घ्या.

आता हीट सिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा. मे महिन्यात पेटीतली हवा ४५ अंश धरा आणि सिंक ८० च्या वर जाऊ देऊ नका. ३३ वॉटला मग वॉटमागे जेमतेम एक अंश चढणारा जाडजूड सिंक लागतो. मॉसफेटला तीन अंशांचा घेतला तरी हात राखून होतो, आणि पंखा लागतच नाही. गोव्यात मला हे फार मोलाचे वाटते. मांद्र्याला समुद्राजवळच्या एका घरातला पंख्याचा इन्व्हर्टर उघडला, तर सिंकच्या पात्यांमध्ये पांढरी भुकटी साचलेली आणि पंखा जाम. पंखा खारी हवाच आत ओढतो. काळा अ‍ॅनोडाइज्ड सिंक घ्या, पाती उभी ठेवा.

मॉसफेटची धातूची पाठ म्हणजे ड्रेन, करंट आत येतो ते टोक. दोन्ही बाजू एकाच सिंकवर असतील तर अभ्रकाची चकती, पेस्ट आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश हवा. बॅटरी जोडण्याआधी मॉसफेटची पाठ आणि सिंक यांच्यामध्ये मीटर बीपवर लावून बघा, बीप वाजता कामा नये; पण काळ्या थरावर प्रोब टेकवून फसू नका, तो थर वीज अडवतो. सिंकचा कोपरा खरवडून तिथे टेकवा. बीप वाजला, तर आधी बुश काढून बघा.