मागचा एक दात: सेकंडहँड बीएमएक्स, आठ महिन्यांनंतर

बीएमएक्स रेसिंगची, म्हणजे उंचवट्यांच्या मातीच्या ट्रॅकवर पळवायची छोट्या चाकांची सायकल सेकंडहँड घेऊन आठ महिने झाले. चालवतो पोरगा, खर्च आणि पाना-पकड माझ्याकडे. फ्रेम चांगली, ब्रेक चांगले. लिहायचंय ते मागच्या कॉगबद्दल, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीबद्दल.

सायकल 44-16 वर आली: पुढे पायडलजवळच्या चेनव्हीलला 44 दात, मागे कॉगला 16. म्हणजे रेशो 2.75, पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक पावणेतीन फेरे फिरतं. सोलापूरच्या होटगी रोडच्या सरळ पट्ट्यावर पोरगा म्हणायला लागला, "पप्पा, पाय नुसते गरागरा फिरतात, स्पीड वाढत नाही." दुकानदार म्हणाला, मागे 15 टाका, एका दातानं काय होतंय! मी ऐकलं. ऐकायला नको होतं. माझं आयुष्य टॉवेलच्या लूमवर गेलंय. लूममधल्या चेंज व्हीलचा, म्हणजे बदलायच्या दातेरी चाकाचा एक दात बदलला की इंचातले आडवे धागे बदलतात, कापडाला हात लावताच कळतं. सायकलचा हिशेब मात्र मी नंतर केला.

44 भागिले 15 म्हणजे 2.93. मागचा 16 तसाच ठेवून गिअर एवढा जड करायचा तर पुढे 47 दातांचं चेनव्हील लागेल. मागचा एक दात पुढच्या तिनांना भारी पडतो! चाक 20 इंची धरलं तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 4.39 ऐवजी 4.68 मीटर जाते. शर्यत सुरू होते त्या गेटवरून सुटताना हे जादाचे 29 सेंटिमीटर पोराच्या मांड्यांतून निघतात.

पहिले दोन आठवडे मी खूश होतो, कारण रस्त्यावर सायकल खरंच पळत होती. मग गावाबाहेरच्या मुरमाच्या ट्रॅकवर चार पोरं एकदम सुटली. तिसऱ्या पायडलला आमचा अर्धी सायकल मागे, पहिल्या उंचवट्यावर तर पुढच्यांच्या धुळीत. शर्यत जेमतेम चाळीसेक सेकंदांची, सुरुवातीला गेलेलं भरून कधी काढायचं?

म्हणून परत 16. इथे माझी काटकसर नडली. 15 बसवताना चेन नवी घेतली होती, आणि आता डब्यातला जुना 16 च लावला. त्याचे दात झिजून एका बाजूला कललेले, नवी चेन त्यावर नीट बसेना. पोरानं उभं राहून पहिला जोर दिला आणि चेन दातांवरून उडाली. पायडल नडगीवर आपटलं, रक्त मोज्यापर्यंत आलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुकानात गेलो. "वापरलेला 15 परत घेत नाही," आणि जुना 16 हातात घेऊन, "अजून वर्षभर जातंय की." पोराची नडगी दाखवली, तरी तेच. नवा 16 पुण्याहून मागवला. तो लावल्यावर मागचा ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, तीनेक मिलिमीटर पुढे आला. चेन मधोमध बोटानं दाबून सेंटिमीटरभर हलेल एवढीच सैल ठेवली. तेव्हापासून एकदाही उडाली नाही.

44-16 च बरोबर, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होतो. आता तेवढं ठाम नाही सांगणार. पोरगा उंच झालाय, पायात ताकद आलीय, उतारावर पुन्हा तीच तक्रार. पण आता मागे हात लावला नाही. पुढे 45 लावलं, म्हणजे 2.81. चार बोल्ट काढायचे, दहा मिनिटांचं काम. गेल्या रविवारी गेटवरून सुटताना अर्धं चाक पुढे होता. 44 तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलंय. 15 चे पैसे दुकानाकडून अजून यायचेत.