मानसोपचाराची तपासणी शिकवताना: वॉर्डातला पेशंट की वठवलेला?

एमबीबीएसच्या मुलांना आत्महत्येच्या धोक्याबद्दल विचारायला शिकवायचं असेल, तर सुरुवात अभिरूप रुग्णापासूनच करावी, म्हणजे पेशंटची भूमिका करणाऱ्या, पढवलेल्या माणसापासून. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली अमेरिकेत ही पद्धत आणली ती न्यूरॉलॉजीसाठी. मानसोपचारात ती जास्त कामी येते, कारण इथं विचारणं हीच तपासणी.

त्याच्या भूमिकेच्या संहितेत एक अट ठळक लिहावी: मोघम प्रश्नाला मोघम उत्तर. विद्यार्थी चाचरत विचारतो, ‘तसले काही विचार येतात का?’ खानापूरकडच्या शेतकऱ्याची भूमिका करणारा माणूस म्हणतो, ‘तसले म्हंजे?’ आणि गप्प बसतो. ‘मरून जावंसं वाटतं का?’ असं थेट विचारल्यावरच त्याची मान खाली जाते. फवारणीचं औषध घरात कुठं ठेवलंय, हे त्याच्याही पुढच्या प्रश्नाला. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. ती इथंच मोडते. खऱ्या पेशंटला तेच दुःख सहा मुलांपुढं सहा वेळा उगाळायला लावणं गैर.

विस्कळीत विचार, कॅटाटोनिया (म्हणजे हालचाल-बोलणं गोठणं), बोथटलेल्या भावना मात्र वॉर्डातच बघाव्यात. हौशी नट भ्रम वठवायला गेला की डोळे फिरवतो, आणि मुलांच्या डोक्यात तेच चित्र बसतं. त्याला नैराश्य, पॅनिक, दारूचं व्यसन एवढ्याच भूमिका द्याव्यात. मुलांनीच आपापसांत भूमिका करणं फुकटात होतं, पण हशात विरतं.

सीमाभागात भाषेची गाठ वेगळीच. निपाणीचा पेशंट मराठीत बोलतो, अथणीचा कन्नडमध्ये, आणि विद्यार्थ्याला कधी दोन्ही येत नाहीत. मग नातेवाईक दुभाषा होतो आणि अडचणीचं तेवढं गाळतो. भूमिकेत हेही बसवावं: सोबतच्या ‘भावानं’ ‘जीव नकोसा झालाय’चं ‘दमलाय’ करायचं, विद्यार्थ्यानं पकडायचं. पेशंटची विचार करण्याची पद्धत तपासायला म्हणींचा अर्थ विचारतात, तेव्हाही भाषांतर नको. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ला कन्नडमध्ये ‘कुणियलु बारदवळु नेल डोंकु’ ही जोडीची म्हण आहे.

तयारीला दोन पानी संहिता, दोन-दोन तासांच्या दोन तालमी. मुलाखत दहा मिनिटं, अभिप्राय पाच. एका बैठकीत एका नटाला चारच फेऱ्या. त्यापुढं रडणं यांत्रिक होतं, नाहीतर त्यालाच लागतं. घरात अलीकडे आत्महत्या झालेल्या माणसाला ही भूमिका देऊ नये. शेवटी नटानं स्वतःचं खरं नाव, गाव मोठ्यानं सांगून भूमिका उतरवावी. मगच घरी जाऊ द्यावं.